धावपट्टीवरील समीकरण : निघण्याचा उशीर आणि धावण्याचा दर

(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



वसई-विरार परिसरात २०११ सालापासून मॅरेथॉन शर्यत भरू लागली. शर्यतीच्या दिवशी भल्या सकाळी रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी राहतात, आणि त्यांत शाळकरी मुलांची संख्या मोठी असते. धावणारांचा लोंढा समोरून जाऊ लागला म्हणजे या मुलांच्या तोंडून हमखास एक प्रश्न निघतो : “तो मागचा त्या पुढच्याला गाठील का? आणि गाठील तर कुठे गाठील?” प्रश्न विचारणाऱ्या मुलाला ठाऊक नसते की, त्याने त्या क्षणी एक एकचल समीकरण मांडले आहे. अज्ञात राशी कोणती, तर गाठण्याचे ठिकाण. समानता कशाची, तर दोघेही त्या ठिकाणी एकाच क्षणी असणार याची.

हेच मूल दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावरील ‘क्ष’ पाहून गप्प बसते. त्याला प्रश्न कळत नाही, असे मात्र म्हणता येत नाही, कारण रस्त्याच्या कडेला प्रश्न त्यानेच विचारलेला होता. वर्गात अक्षर आधी येते आणि प्रश्न मागाहून येतो, किंवा मुळीच येत नाही. अडचण आहे ती येथे. सहावी ते आठवीच्या वर्गांना समीकरणे शिकविणाऱ्या शिक्षकाने हा क्रम उलटा करावा, आणि त्यासाठी शाळेचे क्रीडांगण हीच प्रयोगशाळा मानावी, हा या व्याख्यानाचा विषय होय. त्यातून गणिताचा लाभ होतोच. शिवाय मुलांना न्याय देण्याचे एक साधनही शिक्षकाच्या हाती येते. हे दुसरे फळ पहिल्याहून कमी मोलाचे नाही.

वेगाचे सूत्र सर्व मुलांना पाठ असते : वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. विज्ञानाच्या पुस्तकात यालाच चाल म्हटले आहे. सूत्र बरोबर आहे. परंतु खऱ्या शर्यतीला ते जसेच्या तसे लावले तर फसगत होते. कारण खऱ्या शर्यतीत धावणाराचा वेळ दोन ठिकाणी खर्च होतो : काही निघताना, आणि काही धावताना.

मॅरेथॉनचेच उदाहरण घ्यावे. हजारो माणसे एका रेषेवर उभी राहू शकत नाहीत. प्रारंभाचा इशारा झाला तरी मागच्या रांगांतील धावकाला प्रारंभरेषेपर्यंत पोहोचण्यास मिनिटा-दोन मिनिटांचा अवधी लागतो. यास्तव मोठ्या शर्यतींत धावकाच्या क्रमांकपट्टीला अथवा बुटाला एक लहानशी चिप लावलेली असते. इशाऱ्यापासून मोजलेला वेळ एक, आणि रेषा ओलांडल्यापासून मोजलेला वेळ दुसरा, असे दोन वेळ तिच्यामुळे मिळतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अधिकृत वेळ पहिला होय. दुसरा धावकाला माहितीसाठी कळविता येतो.

समजा, एक धावक अगदी पुढच्या रांगेत आहे व तो दर किलोमीटरला ६ मिनिटे या दराने धावतो. दुसरा मागच्या रांगेत आहे. त्याला रेषेवर येण्यास २ मिनिटे लागली, परंतु त्याचा दर किलोमीटरला ५ मिनिटे ५० सेकंद, म्हणजे ३५/६ मिनिटे आहे. दुसरा पहिल्याला कोठे गाठील? प्रारंभरेषेपासून क्ष किलोमीटरवर गाठील असे मानावे. तेथे पोहोचण्यास इशाऱ्यापासून पहिल्याला ६क्ष मिनिटे लागतील आणि दुसऱ्याला २ + (३५/६)क्ष मिनिटे लागतील. गाठ पडते त्या क्षणी दोन्ही वेळा समान असतात, म्हणून

६क्ष = २ + (३५/६)क्ष

क्ष/६ = २

क्ष = १२

गाठ बाराव्या किलोमीटरला, इशाऱ्यानंतर ७२ मिनिटांनी पडेल. मुलांनी ताळा करून पाहावा : ६ × १२ = ७२, आणि २ + ७० = ७२.

येथे थांबू नये; खरे शिक्षण पुढेच आहे. हीच शर्यत ११ किलोमीटरची असती तर पहिल्याला ६६ मिनिटे व दुसऱ्याला ६६ मिनिटे १० सेकंद लागली असती, आणि पहिला जिंकला असता. अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर असती, तर दुसरा सुमारे दीड मिनिट आधी पोहोचला असता. माणसे तीच, त्यांचे पाय तेच. अंतर बदलले की निकाल बदलला. “दोघांत चांगला धावणारा कोण?” या प्रश्नाला अंतर सांगितल्यावाचून उत्तर नाही, ही गोष्ट मुलांच्या मनावर प्रथम ठसवावी.

वरील मांडणीत एक साधा नियम दडलेला आहे :

लागलेला वेळ = उशीर + (दर × अंतर)

भाजी बाजारात नेणारा टेम्पोवाला भाडे ठरविताना माल भरण्याचे ठराविक रुपये घेतो व पुढे दर किलोमीटरला काही रुपये घेतो. तसाच हा हिशेब आहे. ठराविक रक्कम म्हणजे उशीर, किलोमीटरचा भाव म्हणजे दर. बीजगणिताच्या भाषेत पहिले ते स्थिरपद व दुसरा तो क्ष-चा सहगुणक. हे शब्द मात्र मुलांनी भाड्याचा हिशेब व शर्यतीचा हिशेब केल्यानंतरच उच्चारावेत.

आता मॅरेथॉनच्या रस्त्यावरून शाळेच्या क्रीडांगणावर यावे. केंद्र व तालुका पातळीवरील स्पर्धांसाठी १०० मीटर धावण्यास एक मुलगी निवडावयाची आहे. शाळेचे क्रीडांगण लहान आहे. सरळ धाव ६० मीटरच मिळते. दोन मुली आहेत. ओळखीसाठी त्यांना जिल्ह्यातील नद्यांची नावे द्यावी : एक वैतरणा व दुसरी तानसा. दोघींनाही ६० मीटरला बरोबर १० सेकंद लागले. आता कोणाला पाठवावे? अशा वेळी काय घडते ते सर्वांना परिचित आहे. जी मुलगी अधिक चुणचुणीत दिसते, जी पुढे येऊन बोलते, जिचे पालक गावात वजन राखून आहेत, तिच्याकडे कौल झुकतो. शिक्षकाच्या मनात पक्षपात नसला तरी हातात मोजमाप नसते, आणि मोजमापाच्या अभावी अंदाज न्यायाधीश होऊन बसतो.

याला उपाय एकच : एकाऐवजी दोन ठिकाणी वेळ घ्यावी. त्याची रीत पुढीलप्रमाणे आहे.

पहिली गोष्ट, मोजफितीने अंतर मोजून फक्कीने तीन रेघा आखाव्या : प्रारंभाची, २० मीटरची व ६० मीटरची. पावले टाकून अंतर मोजू नये.

दुसरी गोष्ट, २० व ६० मीटरच्या रेघांवर प्रत्येकी एक वेळ-लेखक उभा करावा. मोबाइलमधील स्टॉपवॉच या कामाला पुरेसे आहे. इशारा शिट्टीने न देता झेंडा खाली आणून द्यावा, आणि वेळ-लेखकांनी झेंडा पाहून घड्याळ सुरू करावे. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून ६० मीटरवरील माणसाला शिट्टी जवळजवळ ०.१८ सेकंद उशिरा ऐकू येते. एवढ्याने निकाल बदलू शकतो.

तिसरी गोष्ट, प्रत्येक मुलीला पुरेशी विश्रांती देऊन निदान तीन वेळा धावू द्यावे, शक्य तर वेगवेगळ्या दिवशी, आणि तिन्हींतील मधला आकडा घ्यावा. हाताने घेतलेल्या वेळेत दशांश-दोन दशांश सेकंदांची चूक सहज होते. केवळ २० मीटरची वेळ ०.२ सेकंदाने चुकली तरी पुढील उदाहरणातील दोघींच्या दरांतला निम्मा फरक पुसला जाईल. एका मापावर विसंबणे म्हणजे पुन्हा अंदाजाकडेच जाणे होय.

समजा, आकडे असे मिळाले : वैतरणेला २० मीटरला ४.० सेकंद व ६० मीटरला १०.० सेकंद; तानसेला २० मीटरला ३.६ सेकंद व ६० मीटरला १०.० सेकंद.

वैतरणेने मधले ४० मीटर १०.० − ४.० = ६.० सेकंदांत तोडले. तिचा दर मीटरला ६.० ÷ ४० = ०.१५ सेकंद. या दराने पहिल्या २० मीटरना ३.० सेकंद लागावयास हवे होते, लागले ४.०. तेव्हा तिचा उशीर १.० सेकंद.

तानसेने तेच ४० मीटर ६.४ सेकंदांत तोडले. तिचा दर मीटरला ०.१६ सेकंद. पहिल्या २० मीटरना या दराने ३.२ सेकंद हवे होते, लागले ३.६. तिचा उशीर ०.४ सेकंद.

अंतर क्ष मीटर मानले तर दोघींची समीकरणे अशी होतात :

वैतरणेचा वेळ = १.० + ०.१५क्ष

तानसेचा वेळ = ०.४ + ०.१६क्ष

दोन्ही समान मांडले की ०.६ = ०.०१क्ष, म्हणजे क्ष = ६०. दोघी ६० मीटरवर बरोबरीत येतात हे प्रत्यक्ष पाहिलेच होते. समीकरणाने त्याची साक्ष दिली. आता पुढचे पाहावे. अंतर ४० मीटर असेल तर वैतरणेला ७.० व तानसेला ६.८ सेकंद लागतील, तानसा जिंकेल. अंतर १०० मीटर असेल तर वैतरणेला १६.० व तानसेला १६.४ सेकंद लागतील, वैतरणा जिंकेल. वैतरणा रेषा ओलांडील तेव्हा तानसा कोठे असेल? ०.४ + ०.१६क्ष = १६, म्हणून क्ष = ९७.५. ती अडीच मीटर मागे असेल.

ज्या क्रीडांगणावर दोघी सारख्या दिसत होत्या, तेथेच घेतलेल्या दोन वेळांनी त्यांतील भेद उघड केला. १०० मीटरला वैतरणेला पाठविणे योग्य, हे आता आकड्यांनी सांगता येते. निवड न झालेल्या मुलीला व तिच्या पालकांनाही ते वहीत दाखविता येते. तानसेवरही अन्याय होत नाही, कारण लहान अंतरात व झटकन निघण्याच्या खेळांत तीच सरस आहे हेही त्याच वहीत लिहिलेले असते.

याहून महत्त्वाची एक गोष्ट अद्याप उरली आहे. वैतरणेचा उशीर एक सेकंदाचा आहे. हा उशीर कशाचा? इशाऱ्याकडे लक्ष नसणे, सरळ उभे राहून निघणे, पहिली पावले फार लांब टाकणे, अशी त्याची कारणे असू शकतात, आणि ती बहुतांशी शिकवून दूर करता येतात. समजा, महिनाभराच्या सरावाने तिचा उशीर ०.५ सेकंदावर आला. मग १०० मीटरला तिला १५.५ सेकंद लागतील. आणि तानसेशी तिची गाठ? ०.५ + ०.१५क्ष = ०.४ + ०.१६क्ष, म्हणजे क्ष = १०. दहाव्या मीटरपासून ती पुढे असेल. दर सुधारण्यास पुष्कळ दिवस व पुष्कळ श्रम लागतात. उशीर थोड्या दिवसांत सुधारतो. मुलाचे कोठे कमी पडते हे कळल्यावाचून त्याला काय शिकवावे हे कळत नाही.

ही समीकरणे आलेखावर मांडल्यास वर्गातील मागच्या बाकावरील मुलेही बोलू लागतात. आडव्या अक्षावर अंतर व उभ्या अक्षावर वेळ घ्यावी. दोन सरळ रेषा येतील व त्या ६० मीटरवर एकमेकींना छेदतील. रेषा उभ्या अक्षाला जेथे मिळते तो उशीर. रेषेचा चढ म्हणजे दर. येथे एक सावधगिरी बाळगावी. या आलेखात जी रेषा अधिक चढी ती अधिक मंद मुलीची, कारण तिला प्रत्येक मीटरला अधिक वेळ लागतो. अंतर उभ्या अक्षावर घेतले तर याच्या उलट होते. अक्ष कोणते घेतले हे न पाहता ‘चढी रेषा म्हणजे जलद’ असे पाठ करणारी मुले पुढे भौतिकशास्त्रात अडखळतात.

गाठ न पडण्याचे प्रसंगही मुद्दाम द्यावे. मॅरेथॉनमधील दोन्ही धावकांचा दर ६ मिनिटेच असेल तर ६क्ष = २ + ६क्ष असे होते; क्ष दोन्ही बाजूंनी निघून जातो व ० = २ असे असत्य विधान उरते. अर्थात, गाठ कधीच पडणार नाही. आलेखावर रेषा समांतर दिसतील. मागच्याचा दर ६ मिनिटे १० सेकंद असेल तर क्ष = −१२ येतो. मुलांना विचारावे, उणे बारा किलोमीटर म्हणजे कोठे? मुले थोडा विचार करून सांगतात की, असे ठिकाण शर्यतीत नाही. उत्तर आले म्हणजे काम संपले नाही, त्याचा अर्थ लावावा लागतो, हा धडा एका उणे चिन्हाने मिळतो.

अज्ञात राशीला नाव देऊन तिच्याशी व्यवहार करण्याची ही कला या भूमीला नवी नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या बीजगणितात अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हटले. यावत् तावत् म्हणजे ‘जितके तितके’. ‘क्ष’ हे अक्षर एकदम समोर येण्यापेक्षा ‘जितके असेल तितके अंतर’ असे म्हणून आरंभ केला तर मुलाची भीती निम्मी होते. चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला, याची साक्ष तेथील शिलालेख देतो. ग्रंथ लिहून भागत नाही, तो शिकविणारा लागतो, हे त्या घराण्याने ओळखले होते.

आता या साधनाची मर्यादा पाहावी. कारण मर्यादा न सांगता दिलेले साधन घातक ठरते. वरील सर्व हिशेब धावणाराचा दर अखेरपर्यंत एकच राहतो असे धरून केला आहे. खऱ्या धावपटूंचे आकडे घेतल्यास हे गृहीत कोठे टिकते व कोठे ढासळते ते दिसते.

पालघर जिल्ह्याच्या पूर्वेस नाशिक जिल्हा लागतो. तेथील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत यांनी २०१० च्या ऑक्टोबरात दिल्ली येथील राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत ३३ मिनिटे ५.२८ सेकंद वेळ देऊन कांस्यपदक मिळविले. पुढच्याच महिन्यात चीनमधील ग्वांगझौ येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी तेच अंतर ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत तोडले व रौप्यपदक मिळविले. मुलांपुढे अशी कल्पना मांडावी की, ऑक्टोबरातील कविता व नोव्हेंबरातील कविता एकाच वेळी धावत आहेत. नोव्हेंबरातील कविता १,९११.४४ सेकंदांनी शर्यत संपविते, तेव्हा ऑक्टोबरातील कविता कोठे असेल? १०,००० × १,९११.४४ ÷ १,९८५.२८ म्हणजे सुमारे ९,६२८ मीटरवर. ३७२ मीटर मागे, जवळजवळ धावपट्टीची एक फेरी. अंतर एकच, धावणारी एकच आणि मध्ये कालावधी थोडा. म्हणून येथे ही तुलना अर्थपूर्ण ठरते. कष्टाने एका महिन्यात माणूस स्वतःलाच एका फेरीने मागे टाकू शकतो, हे पाड्यावरच्या मुलांना सांगण्याजोगे आहे.

दुसरे उदाहरण अविनाश साबळे यांचे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा हे त्यांचे गाव. २०२२ साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंद वेळ दिली. सुवर्णपदक जिंकणाऱ्या केनियाच्या अब्राहम किबिवोट यांची वेळ ८ मिनिटे ११.१५ सेकंद होती. फरक अवघा ०.०५ सेकंदाचा. साबळे यांचा सरासरी दर मीटरला सुमारे ०.१६४ सेकंद, त्या हिशेबाने तीन हजार मीटर धावून दोघांत उरले अंतर सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे वर्गातील एका फूटपट्टीएवढे. अखेरच्या धावेत वेग वाढत असल्याने प्रत्यक्षात ते किंचित अधिक असेल, एवढेच.

त्यांनीच २०२० साली दिल्ली येथे अर्धमॅरेथॉन ६० मिनिटे ३० सेकंदांत पूर्ण केली होती. तिचा दर किलोमीटरला सुमारे २ मिनिटे ५२ सेकंद पडतो. अडथळ्यांच्या शर्यतीचा दर, २८ अडथळे व ७ पाण्याच्या उड्या धरूनही, किलोमीटरला सुमारे २ मिनिटे ४४ सेकंद होता. तो दर धरून अर्धमॅरेथॉनचे भाकीत केले तर उत्तर साडेसत्तावन्न मिनिटांच्या आसपास येते. प्रत्यक्षाहून सुमारे तीन मिनिटांनी कमी. जगातील नामांकित धावपटूचाही दर लांब अंतरात टिकत नाही. मग ६० मीटरच्या दरावरून गावच्या मुलीची १,५०० मीटरची वेळ सांगणे किती चुकीचे होईल, हे निराळे सांगावयास नको. ६० वरून १०० मीटरचा अंदाज ही या रीतीची मर्यादा समजावी, आणि तोही संधी मिळताच १०० मीटर मोजून पडताळून पाहावा.

वर्गात हमखास आढळणाऱ्या काही चुकांचा उल्लेख येथे करणे इष्ट होईल. पहिली चूक वेगांच्या सरासरीची. एखादा मनुष्य १२ किलोमीटर जाताना ताशी १२ किलोमीटर व परतताना ताशी ८ किलोमीटर वेगाने धावला, तर त्याचा सरासरी वेग ताशी १० असे बहुतेक मुले सांगतात. जाण्यास १ तास, येण्यास दीड तास, एकूण अडीच तासांत २४ किलोमीटर. म्हणून सरासरी वेग ताशी ९.६ किलोमीटर. मंद वेगाने मनुष्य अधिक वेळ धावत असतो, म्हणून त्या वेगाचे वजन अधिक पडते. दुसरी चूक मिनिटे व सेकंद दशांशात लिहिण्याची. ५ मिनिटे ३० सेकंद म्हणजे ५.३० मिनिटे नव्हेत, ५.५ मिनिटे होत. तिसरी चूक अक्षराचा अर्थ न लिहिण्याची. ‘क्ष = गाठीचे प्रारंभरेषेपासूनचे अंतर, किलोमीटरांत’ ही ओळ लिहिल्यावाचून समीकरण मांडू देऊ नये. चौथी चूक ताळा न करण्याची. ती मुलांपेक्षा वेळेच्या घाईत असलेल्या शिक्षकाच्याच हातून अधिक होते.

शेवटी एका गोष्टीकडे शिक्षकांचे लक्ष वेधणे आवश्यक आहे. पालघर जिल्ह्यातील शाळांत येणारी मुले घरी एकच मराठी बोलत नाहीत. कोणी वारली बोलते, कोणी कातकरी. वसईच्या पट्ट्यात कोणी सामवेदी, कोणी वाडवळी, कोणी कोळी. कामधंद्यासाठी आलेल्या कुटुंबांची मुले हिंदी वा गुजराती बोलतात. अशा मुलाला पाठ्यपुस्तकाची भाषा गाठण्यास काही काळ लागतो. मॅरेथॉनमधील मागच्या रांगेप्रमाणे प्रारंभरेषेपर्यंत येण्यातच त्याची काही मिनिटे जातात. परीक्षेत मिळणारे गुण हे उशीर आणि दर या दोहोंची बेरीज असतात. त्या एका आकड्यावरून दोन्ही निराळे करता येत नाहीत, जसे ६० मीटरच्या एका वेळेवरून वैतरणा व तानसा यांतील भेद कळला नाही. त्यासाठी निदान दोन मापे लागतात. जूनमध्ये मुलाला काय येत होते व दिवाळीनंतर काय येऊ लागले, हे दोन्ही लिहून ठेवणारा शिक्षकच त्याचा खरा दर जाणू शकतो. एका मापावर ज्याला मंद म्हटले, ते मूल कदाचित केवळ उशिरा निघालेले असेल.

या वर्षीच्या क्रीडास्पर्धांपूर्वी प्रत्येक शाळेने २० व ६० मीटरच्या दोन रेघा आखाव्या, मुलांच्या हाती घड्याळे द्यावी, त्यांनीच आकडे लिहावे व त्यांनीच समीकरणे मांडावी. क्रीडांगण आणखी लहान असेल तर १० व ४० मीटरच्या रेघाही चालतील. संघाची निवड ज्या हिशेबाने झाली तो हिशेब शाळेच्या फलकावर लावावा. आपल्या निवडीचे कारण मुलांना स्वतः पडताळून पाहता आले, म्हणजे समीकरणाचा धडा पूर्ण झाला असे समजण्यास हरकत नाही.